फ्रेडरिक एल. शॉट

फ्रेडरिक एल. शॉट (जन्म : २२ जानेवारी १९५०, वॉशिंग्टन डी.सी.) हे अमेरिकन लेखक, अनुवादक व दुभाषी आहेत. जपानी चित्रकथा अर्थात मांगा, ॲनिमे आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली लोकप्रिय संस्कृती हा त्यांच्या लेखनाचा प्रमुख विषय आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘मांगा! मांगा! द वर्ल्ड ऑफ जॅपनीज कॉमिक्स’ हा ग्रंथ या विषयावरील इंग्रजीतील पहिला विस्तृत ग्रंथ मानला जातो. आधुनिक मांगाचे जनक समजले जाणारे ओसामु तेझुका यांच्या अनेक कृती शॉट यांनी इंग्रजीत आणल्या, तसेच तेझुकांसाठी दुभाषी म्हणूनही काम केले. पाश्चात्त्य देशांत मांगाला बाजारपेठ निर्माण होण्यापूर्वीच त्यांनी अनुवादाला आणि समीक्षणाला सुरुवात केली. त्यामुळे त्यांच्या आरंभीच्या कामाचा काही भाग सुमारे पंचवीस वर्षे अप्रकाशित राहिला.

बालपण आणि शिक्षण

शॉट यांचे वडील अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होते. त्यांच्या बदल्यांमुळे शॉट यांचे बालपण नॉर्वे, ऑस्ट्रेलिया आणि जपान अशा निरनिराळ्या देशांत गेले. १९६५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते प्रथम जपानमध्ये राहावयास आले. १९६८ मध्ये त्यांनी टोकियोतील ‘अमेरिकन स्कूल इन जपान’ या शाळेतून शालेय शिक्षण पूर्ण केले.

पुढील शिक्षणासाठी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत प्रवेश घेतला. या काळात टोकियोजवळील मिताका येथील इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत त्यांनी जपानी भाषेचा सखोल अभ्यास केला. विद्यापीठाचे विद्यार्थीही नियमितपणे चित्रकथा वाचतात, ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकन माणसाला अनोळखी होती. अमेरिकेत ‘कॉमिक्स’ हे प्रामुख्याने मुलांचे वाचन समजले जाई. जपानमध्ये मात्र साप्ताहिकांच्या जाडजूड अंकांतून विनोद, इतिहास, क्रीडा, प्रेम, विज्ञानकथा आणि राजकारण असे सर्व विषय हाताळले जात होते. जपानी भाषा शिकत असताना शॉट यांनाही मांगाच्या वाचनाची गोडी लागली.

१९७२ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्यानंतर काही काळ त्यांनी जपानी पर्यटकांसाठी मार्गदर्शक म्हणून काम केले. १९७५ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीवर ते पुन्हा इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत गेले. तेथे १९७७ पर्यंत त्यांनी अनुवाद आणि दुभाषीकला या विषयांचे शिक्षण घेतले. नंतर टोकियोतील सिमुल इंटरनॅशनल या संस्थेच्या अनुवाद विभागात त्यांनी नोकरी केली. १९७८ मध्ये ते अमेरिकेत परतले आणि सॅन फ्रान्सिस्को येथे स्वतंत्र लेखक, अनुवादक व दुभाषी म्हणून काम करू लागले.

‘दादाकाई’ आणि ‘फिनिक्स’चा अनुवाद

टोकियोत असताना १९७७ मध्ये शॉट यांनी जेरेड कुक, शिंजी साकामोतो आणि मिदोरी उएदा यांच्यासह ‘दादाकाई’ नावाचा एक छोटा गट स्थापन केला. मांगाचा इंग्रजी अनुवाद करणे हा या गटाचा उद्देश होता. गटाने तेझुका यांच्या कार्यालयाशी संपर्क साधून ‘हि नो तोरी’ (अग्निपक्षी) या मालिकेच्या अनुवादाची परवानगी मिळवली. इंग्रजीत ही मालिका ‘फिनिक्स’ या नावाने ओळखली जाते. ज्याचे रक्त प्राशन केल्याने अमरत्व मिळते अशा पक्ष्याचा शोध हे या मालिकेचे सूत्र आहे. तिच्यातील कथा कधी जपानच्या प्राचीन इतिहासात, तर कधी दूरच्या भविष्यकाळात घडतात. तेझुका स्वतः या मालिकेला आपले जीवितकार्य मानत असत. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ती अपूर्णच होती.

दादाकाईने मालिकेच्या पाच खंडांचा अनुवाद पूर्ण केला. तथापि त्या काळी अमेरिकेत मांगाचे प्रकाशन करणारा व्यवसायच अस्तित्वात नव्हता. हस्तलिखिते वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. ‘फिनिक्स’चा इंग्रजी अनुवाद व्हिज या प्रकाशनसंस्थेकडून २००२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि २००८ पर्यंत त्याचे बारा खंड पूर्ण झाले. सत्तरच्या दशकात झालेल्या अनुवादाचा या आवृत्तीत उपयोग करण्यात आला व उर्वरित खंडांचा अनुवाद शॉट आणि कुक यांनी नव्याने केला.

याच सुमारास हिरोशिमावरील अणुबाँब हल्ल्यातून वयाच्या सहाव्या वर्षी बचावलेले चित्रकथाकार केइजी नाकाझावा यांच्या ‘हादाशी नो गेन’ (अनवाणी गेन) या आत्मकथनपर मांगाचा इंग्रजी अनुवाद ‘प्रोजेक्ट गेन’ या स्वयंसेवी गटाने हाती घेतला होता. त्याच्या आरंभीच्या कामात दादाकाईचाही सहभाग होता. शांततेच्या प्रसारासाठी झालेला हा अनुवाद मांगाच्या इंग्रजीतील सर्वांत आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय.

‘मांगा! मांगा!’

आपण अनुवादित केलेल्या कृती छापल्या जात नाहीत, कारण वाचकाला आणि प्रकाशकाला मांगा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, अशी शॉट यांच्यापुढील अडचण होती. अनुवादाच्या आधी परिचय करून देणे आवश्यक होते. ती गरज ‘मांगा! मांगा!’ या ग्रंथाने भागवली. कोदान्शा इंटरनॅशनलने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाला स्वतः तेझुका यांची प्रस्तावना आहे.

ग्रंथात जपानी चित्रकथनाचा इतिहास बाराव्या-तेराव्या शतकांतील प्राण्यांच्या विनोदी चित्रगुंडाळ्यांपासून सुरू होतो. होकुसाईची रेखाटने, एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य व्यंगचित्रांशी आलेला संबंध, युद्धकाळातील प्रचार आणि १९४७ च्या ‘शिन ताकाराजिमा’ (नवे खजिन्याचे बेट) या तेझुकांच्या पुस्तकानंतरचा विस्तार असा त्याचा प्रवाह दाखवला आहे. मुलांसाठीची, मुलींसाठीची आणि प्रौढांसाठीची नियतकालिके, त्यांतील योद्धे, खेळाडू व नोकरदार नायक, चित्रकारांची आणि त्यांच्या साहाय्यकांची कामाची पद्धत, तसेच सेन्सॉरचा प्रश्न यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या अखेरीस दिलेले चार अनुवादित उतारे. तेझुका यांचे ‘फिनिक्स’, लेइजी मात्सुमोतो यांची युद्धकथा ‘घोस्ट वॉरियर’, रियोको इकेदा यांची फ्रेंच राज्यक्रांतीच्या पार्श्वभूमीवरील ‘द रोझ ऑफ व्हर्साय’ आणि नाकाझावा यांचे ‘बेअरफूट गेन’ यांतील पाने त्यात आहेत. वाचकाने मांगाविषयी केवळ वाचू नये, तर मांगाही वाचावा, ही त्यामागील भूमिका होती. इकेदा यांच्या मालिकेचे पहिले दोन खंड शॉट यांनी त्याआधीच अनुवादित केले होते. १९८१ मध्ये ते जपानमध्येच, इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांसाठी, प्रसिद्ध झाले होते.

अमेरिकेत मांगाचे नियमित व्यावसायिक प्रकाशन १९८७ च्या सुमारास सुरू झाले. त्या वर्षी ‘लोन वुल्फ अँड कब’, ‘एरिया ८८’ आदी मालिका इंग्रजीत येऊ लागल्या. पुढील वर्षी कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ आली. शॉट यांचा ग्रंथ या सर्वांच्या आधीचा आहे. ॲनिमेच्या नव्या चाहत्यांना, ग्रंथपालांना आणि पुढे मांगाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दीर्घकाळ तोच प्राथमिक संदर्भ म्हणून उपलब्ध होता.

‘ड्रीमलँड जपान’ आणि चाहत्यांचे जग

१९९६ मध्ये स्टोन ब्रिज प्रेसने ‘ड्रीमलँड जपान : रायटिंग्ज ऑन मॉडर्न मांगा’ हा शॉट यांचा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा जपानमधील मांगाचा खप शिखरावर होता. ‘शोनेन जंप’ या एकाच साप्ताहिकाच्या अंकाचा खप १९९५ च्या आरंभी सुमारे ६५ लाख प्रतींवर पोहोचला होता. पहिल्या ग्रंथात इतिहास क्रमाने सांगितला होता, तर दुसरा ग्रंथ स्वतंत्र लेखांच्या स्वरूपात आहे. प्रसिद्ध नावांबरोबरच पाश्चात्त्य वाचकाला अपरिचित असलेल्या चित्रकथाकारांकडे त्यात लक्ष वेधले आहे. योकाईंच्या, म्हणजे जपानी लोककथांतील भुताखेतांच्या, कथा रंगवणारे व युद्धात एक हात गमावलेले शिगेरु मिझुकी, एदो काळातील जीवन रेखाटणाऱ्या हिनाको सुगिउरा आणि प्रायोगिक चित्रकथांना स्थान देणारे ‘गारो’ हे मासिक यांवरील लेखन त्यात आढळते.

चाहत्यांच्या संस्कृतीचा विचार हा या ग्रंथाचा दुसरा विशेष आहे. जपानमध्ये हौशी चित्रकार स्वखर्चाने पुस्तिका काढतात. त्यांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. त्यांच्या विक्रीसाठी भरणाऱ्या ‘कॉमिक मार्केट’ या मेळाव्याची सुरुवात २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत झाली. पहिल्या मेळाव्यात ३२ गट आणि सुमारे ७०० लोक सहभागी झाले होते. पुढे या मेळाव्याला लाखोंची गर्दी होऊ लागली. येथे वाचक आणि निर्माता यांच्यातील सीमारेषा पुसट होते. एखाद्या मालिकेची वाचकच तिच्या पात्रांवर नवी कथा रचते आणि पुढील टेबलावर बसून विकते. व्यावसायिक मांगाला नवे कलावंत पुरवणारा हा एक स्रोत ठरला.

‘ओताकू’ ही संज्ञा चाहत्यांच्या संदर्भात १९८३ मध्ये लेखक अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकातील लेखमालेत उपहासाने वापरली. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या एका प्रकरणात अटक झालेल्या तरुणाच्या खोलीत चित्रफिती आणि मांगाचा मोठा साठा सापडला. त्यानंतर जपानी वृत्तपत्रांत या शब्दाला भीतीची छटा आली. जपानबाहेरील चाहत्यांनी मात्र तोच शब्द अभिमानाने स्वीकारला. शॉट यांच्या लेखनात या दोन्ही बाजूंची नोंद आहे. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या पंथाने प्रचारासाठी मांगा आणि ॲनिमेचा वापर केला होता, त्याचीही दखल ‘ड्रीमलँड जपान’ने घेतली आहे. माध्यमाविषयी आस्था असूनही त्याच्या अंधाऱ्या बाजू न लपवणे, हा त्यांच्या लेखनाचा गुण मानला जातो.

अनुवादकार्य

मांगाच्या अनुवादात भाषेपलीकडील अडचणी असतात. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते. आरंभीच्या इंग्रजी आवृत्त्यांत वाचकांच्या सोयीसाठी संपूर्ण पान आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटवले जाई. त्यामुळे उजव्या हाताने तलवार चालवणारा सामुराई डावखुरा होई आणि किमोनोची डावी बाजू वर येण्याऐवजी उजवी बाजू वर येई. जपानी रिवाजात अशा प्रकारे किमोनो फक्त मृतदेहाला नेसवतात. शिवाय चित्रातच रंगवलेले ध्वनिवाचक शब्द पुसून तेथे नवे शब्द काढावे लागत. जपानीत अशा शब्दांची संख्या मोठी असून निःशब्द शांततेसाठीही ‘शीन’ असा शब्द चित्रात लिहिला जातो. धाडकन, खळ्ळकन, चिडीचूप अशा शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीच्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. इंग्रजीत मात्र अशा शब्दांचा साठा तुलनेने कमी आहे. २००२ च्या सुमारास इंग्रजी प्रकाशकांनी मूळ दिशा कायम ठेवून पुस्तके छापण्यास सुरुवात केली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. शॉट यांच्या कारकिर्दीत हे दोन्ही कालखंड येतात. ‘फिनिक्स’ आणि ‘ॲस्ट्रो बॉय’ उलटवलेल्या पानांत, तर ‘प्लुटो’ मूळ दिशेने प्रसिद्ध झाली.

मासामुने शिरो यांची ‘घोस्ट इन द शेल’ ही विज्ञानकथा शॉट यांनी टोरेन स्मिथ यांच्यासह अनुवादित केली. तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’चे २३ खंड २००२ ते २००४ या काळात डार्क हॉर्स कॉमिक्सने प्रकाशित केले. ‘ॲस्ट्रो बॉय’मधील एका कथेवर नाओकी उरासावा यांनी रचलेली ‘प्लुटो’ ही मालिका शॉट आणि जेरेड कुक यांनी इंग्रजीत आणली. तेझुकांचे चित्ररूप चरित्र ‘द ओसामु तेझुका स्टोरी’ या नावाने २०१६ मध्ये शॉट यांच्या अनुवादात प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ नऊशेहून अधिक पृष्ठांचा आहे.

योशियुकी तोमिनो यांच्या ‘मोबाइल सूट गंडाम’ या कादंबरीत्रयीचा शॉट यांनी केलेला अनुवाद १९९० पासून प्रसिद्ध झाला. तेव्हा या मालिकेतील पात्रांच्या नावांची रोमन लिपीतील रूपे निश्चित झालेली नव्हती. चाहत्यांमध्ये मात्र विशिष्ट रूपे रूढ होती व त्यांविषयी ते आग्रही होते. २००४ च्या सुधारित आवृत्तीत काही नावांची रूपे बदलण्यात आली. लोकप्रिय संस्कृतीच्या अनुवादकाला मूळ लेखकाबरोबरच चाहत्यांच्या स्मरणशक्तीशीही व्यवहार करावा लागतो, याचे हे उदाहरण होय.

‘द फोर इमिग्रंट्स मांगा’

शॉट यांच्या अनुवादांत ‘द फोर इमिग्रंट्स मांगा’ला विशेष स्थान आहे. हेन्री योशिताका कियामा या जपानी चित्रकाराने सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या व आपल्या मित्रांच्या अनुभवांवर ही चित्रकथा रचली आणि १९३१ मध्ये स्वतः प्रसिद्ध केली. १९०४ ते १९२४ या काळातील घरकामाच्या नोकऱ्या, १९०६ चा भूकंप, वंशभेद आणि जपानी स्थलांतर बंद करणारा कायदा हे तिचे विषय आहेत. पात्रे प्रसंगानुसार जपानी व मोडके इंग्रजी अशा दोन भाषांत बोलतात. त्यामुळे केवळ एक भाषा जाणणाऱ्या वाचकाला ती पूर्णपणे कळणे शक्य नव्हते. शॉट यांना या विस्मृत पुस्तकाची प्रत बर्कली येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडली. त्यांनी संशोधन करून टिपांसह तिचा अनुवाद केला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला. या पुस्तकावर आधारित संगीत नाटक २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात रंगमंचावर आले.

अन्य लेखन

जपान आणि अमेरिका यांच्यातील संबंध हा शॉट यांच्या इतर ग्रंथांना जोडणारा धागा आहे. ‘इनसाइड द रोबोट किंगडम’ (१९८८) मध्ये जपानी कारखान्यांतील यंत्रमानव, खेळणी आणि ‘ॲस्ट्रो बॉय’सारख्या कथा यांचा एकत्र विचार केला आहे. ‘अमेरिका अँड द फोर जपान्स’ (१९९४) हे पुस्तक व्यापारी तणावाच्या काळातील असून मित्र, शत्रू, आदर्श आणि आरसा अशा चार रूपांत अमेरिका जपानकडे कशी पाहते याची चर्चा करते. ‘नेटिव्ह अमेरिकन इन द लँड ऑफ द शोगुन’ (२००३) हे रॅनल्ड मॅकडोनल्ड यांचे चरित्र आहे. चिनूक जमातीची आई आणि स्कॉटिश वडील यांचा हा मुलगा १८४८ मध्ये, जपान परकीयांसाठी बंद असताना, तेथे उतरला आणि बंदिवासात असताना नागासाकी येथील दुभाष्यांना त्याने इंग्रजी शिकवले. ‘प्रोफेसर रिझ्ली अँड द इंपीरियल जॅपनीज ट्रुप’ (२०१२) मध्ये १८६० च्या दशकात जपानी कसरतपटूंना अमेरिका व युरोपात नेणाऱ्या सर्कसवाल्याची हकिगत आहे. जपानी करमणुकीविषयी पाश्चात्त्यांना वाटणारे आकर्षण मांगाच्याही बरेच आधीचे आहे, हे या ग्रंथातून दिसते. ‘द ॲस्ट्रो बॉय एसेज’ (२००७) हा तेझुका आणि त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध पात्रावरील निबंधसंग्रह आहे.

भारतीय संदर्भ

शॉट यांचे ‘माय हार्ट सूत्र’ (२०२०) हे पुस्तक प्रज्ञापारमिताहृदय सूत्रावर आहे. पूर्व आशियात प्रचलित असलेली या सूत्राची २६० अक्षरांची चिनी संहिता परंपरेने भारतयात्री ह्युएन त्संग याच्या नावावर आहे. जपानमध्ये हे सूत्र मठांत पठण केले जाते, तसेच ते वस्त्रांवर, भांड्यांवर व दैनंदिन वापराच्या वस्तूंवरही आढळते. लोकप्रिय संस्कृतीच्या निरीक्षणाची शॉट यांची सवय या पुस्तकातही जाणवते.

तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही गौतम बुद्धाच्या चरित्रावरील दीर्घ मांगा रचली. तिचा इंग्रजी अनुवाद शॉट यांचा नाही, मात्र त्याची भारतीय आवृत्ती हार्परकॉलिन्स इंडियाने काढल्यामुळे ती येथील वाचकांपर्यंत पोहोचली. भारतात जपानी ॲनिमेचा प्रसार मुख्यत्वे दूरचित्रवाणीमार्गे झाला. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत दाखवली गेलेली ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशनची निर्मिती होती. पुढे ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’ घरोघरी पोहोचले. ॲनिमेकडून मांगाकडे वळणाऱ्या भारतीय वाचकाच्या हाती सामान्यतः इंग्रजी अनुवाद पडतो. त्या अनुवादाची परंपरा घडवणाऱ्या आरंभीच्या मोजक्या व्यक्तींमध्ये शॉट यांचा समावेश होतो.

पुरस्कार आणि सन्मान

मांगाच्या परदेशातील प्रसारासाठी केलेल्या कार्याबद्दल शॉट यांना २००० साली असाही शिंबुन या दैनिकाच्या तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांतील विशेष पुरस्कार देण्यात आला. २००९ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ या सन्मानाने गौरवले. २०१७ मध्ये त्यांना जपान फाउंडेशन पुरस्कार मिळाला. प्रोफेसर रिझ्लीवरील ग्रंथासाठी त्यांना सर्कस हिस्टॉरिकल सोसायटीचा स्टुअर्ट थेयर पुरस्कार लाभला आहे.

मूल्यमापन

शॉट यांचे लेखन विद्यापीठीय परिभाषेत नाही. भाषांतराच्या व्यवसायातून आलेली अचूकता आणि सामान्य वाचकाला समजेल अशी मांडणी ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. ‘मांगा! मांगा!’मधील बाजारपेठेविषयीची माहिती आता ऐतिहासिक स्वरूपाची झाली आहे. त्यानंतर मुलींसाठीच्या मांगावर, चाहत्यांच्या समूहांवर आणि ॲनिमे उद्योगावर स्वतंत्र संशोधन झाले असून त्याने या ग्रंथातील अनेक विषय पुढे नेले आहेत. तरीही एखाद्या समाजाला समजून घेण्यासाठी त्याचे अभिजात वाङ्मय पुरेसे नसून तो समाज आगगाडीत आणि रात्री झोपण्यापूर्वी काय वाचतो हेही पाहिले पाहिजे, हा त्यांच्या कामातून पुढे येणारा विचार त्या क्षेत्राचा पाया ठरला. हा विचार मान्य होण्यास लागलेला वेळ ‘फिनिक्स’च्या अनुवादाला वाचकांपर्यंत पोहोचण्यास लागलेल्या वर्षांतून मोजता येतो.

निवडक ग्रंथ

• मांगा! मांगा! द वर्ल्ड ऑफ जॅपनीज कॉमिक्स (१९८३)
• इनसाइड द रोबोट किंगडम (१९८८)
• अमेरिका अँड द फोर जपान्स (१९९४)
• ड्रीमलँड जपान : रायटिंग्ज ऑन मॉडर्न मांगा (१९९६)
• नेटिव्ह अमेरिकन इन द लँड ऑफ द शोगुन (२००३)
• द ॲस्ट्रो बॉय एसेज (२००७)
• प्रोफेसर रिझ्ली अँड द इंपीरियल जॅपनीज ट्रुप (२०१२)
• माय हार्ट सूत्र (२०२०)